खुलासा : पतसंस्था केंद्राकडे गेलेल्या नाहीत

‘सगळ्या पतसंस्था आता केंद्र सरकारच्या ताब्यात, ठेवींना 5 लाखांचं विमा संरक्षण’ असा मेसेज सोलापुरात फिरतोय. तो चुकीचा आहे. पूर्व भागात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतून रोजची पिग्मी जमा होते. त्या पैशांवर अशी खोटी हमी कुणी देऊ नये.

गोंधळ कुठून झाला? 2020 मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा या बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पुढे जुलै 2021 मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय आलं. पण मंत्रालय आलं म्हणून राज्याचा अधिकार गेला नाही. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही सहकारी संस्थांबाबतच्या 97व्या घटनादुरुस्तीच्या निकालात राज्यांचा हा अधिकार राखला.

म्हणजे आपल्या गल्लीतली पतसंस्था आजही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खालीच चालते. तक्रार असेल तर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात द्यायची.

अपवाद मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थांचा. त्यांची नोंदणी 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली, दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे असते. ठेव विमा त्यांनाही नाही! पाटीवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ लिहिलं की लोक निर्धास्त होतात, खरा धोका तिथेच आहे. ठेवपावतीवरचा नोंदणी क्रमांक वाचा, संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागा.