‘आमच्या काळी’चा कारभार हाती घेताना

परवा भाच्याच्या मोबाइलवर काहीतरी धडधडत होतं आणि तुम्ही सहज बोलून गेलात, “याला काय गाणं म्हणतात?” तुम्हाला वाटलं, आपण साधा प्रश्न विचारला. तसं नाही. त्या क्षणी तुमची नेमणूक झाली. पद कायमस्वरूपी, बिनपगारी आणि निवृत्तीची सोय नसलेलं. अभिनंदन!

पूर्वी हे खातं आजोबा मंडळींकडे असे. धोतराचा सोगा सावरत ते नव्या पिढीचा निकाल लावत आणि आपण कोपऱ्यात उभे राहून ऐकत असू. पण अलीकडे आजोबांनी राजीनामा दिला आहे. पहाटे पाचपासून ते हॉलमध्ये रील्स बघत बसलेले असतात. आधी गुडघेदुखीवर लसणाचा काढा, मग नाचणारं मांजर, मग अर्ध्या मिनिटाचं कीर्तन, मग पुन्हा मांजर. आवाज पूर्ण मोठा, कारण इअरफोनने म्हणे कान खराब होतात. अशा माणसाकडून तरुणांना शिस्त लागणार कशी? तेव्हा १९७५ ते १९८५च्या दरम्यान जन्मलेल्या तुम्हीआम्हीच आता पदर खोचून पुढे व्हायला हवं. काम अवघड नाही. काही पथ्यं पाळा.

सगळ्यात आधी सुवर्णकाळाच्या सीमा आखून घ्या. तुम्ही पाचवीत गेलात तेव्हा सुवर्णकाळ सुरू झाला आणि घराचा पहिला हप्ता खात्यातून गेला त्या दिवशी संपला. त्याआधीचं सगळं जुनाट, नंतरचं सगळं थिल्लर. हे सूत्र १९४० साली जन्मलेल्याला लागू पडतं आणि २००० साली जन्मलेल्यालाही. विजेचं बिल दुसरं कोणी भरत होतं नेमकी तेवढीच वर्षं जग चांगलं कसं काय होतं, या प्रश्नाच्या वाटेला मात्र जाऊ नका. आजवर कोणी गेलेलं नाही.

साहित्याची चिंता नको, ते तयार मिळतं. शाळेच्या, कॉलेजच्या, झालंच तर वहिनींच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक यादी फिरत असतेच. पेन्सिलीने गुंडाळलेली कॅसेट, गच्चीवरचा अँटेना, ‘व्यत्यय’ची पाटी, साप्ताहिकी, रविवारचं रामायण. खाली ‘ज्यांनी हे पाहिलं तीच शेवटची सुखी पिढी’ असं लिहिलेलं असतं. जसंच्या तसं पुढे ढकला. स्वतःच्या आठवणी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात खरं काहीतरी निघण्याचा धोका असतो.

उदाहरणार्थ, कॅसेट. तरुणांसमोर कॅसेटबद्दल बोलताना ‘आम्ही संगीताची कदर करायचो’ हे वाक्य घ्याच. तुम्हाला एकेका गाण्यासाठी किती थांबावं लागे, ते रंगवून सांगा. वहीचं पान फाडून त्यावर सुवाच्य अक्षरात सोळा गाण्यांची यादी करायची, ती कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याकडे द्यायची, कोरी साठची घ्यायची की नव्वदची यावर मित्राशी वाद घालायचा, चार दिवसांनी कॅसेट आणायला जायचं आणि घरी आल्यावर कळायचं की ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात तुटलं आहे. किती गोड! फक्त एवढीच खबरदारी घ्या की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न येऊ नये. तो कॅसेटवाला त्या गाण्यांचे पैसे संगीतकाराला कसे पोचवायचा? तर पोचवायचा नाही. गल्लीतला सगळा संगीतप्रेमी वर्ग म्हणजे चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक होता. व्हीसीआरचंही तेच. रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, सोबत तीन सिनेमे, त्यातला एक हमखास थिएटरमध्ये बसून चोरून चित्रित केलेला, मध्येच कोणाचं तरी डोकं उठून बाहेर जाताना दिसायचं. आजचं कार्टं दरमहा पैसे भरून गाणी ऐकतं (भरतो त्याचा बाप, पण भरतो ना?). आणि कलेची कदर यांना नाही, हे सांगायचंय तुम्हाला. आवाज जरा खर्जात लावा, म्हणजे पटतं.

आता मुख्य साधना. ती आहे विसरण्याची. काय आठवायचं हे ग्रुपवर मिळतं, काय विसरायचं हे ज्याचं त्याला कमवावं लागतं.

यासाठी आपल्या मागच्या पिढीकडे बघा, त्यांनी हे किती सफाईने केलं! १९५२ साली बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांचं मत असं की हिंदी सिनेमाची गाणी उथळ, पाश्चात्त्य वळणाची आणि तरुणांची अभिरुची बिघडवणारी. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी आधी आटली, मग निर्मात्यांशी बिनसलं आणि ती जवळजवळ बंदच झाली. बदल्यात राग ऐका. देशाने ऐकले का? देशाने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवरून गाणी समुद्र ओलांडून परत मुंबईत यायची. बुधवारी रात्री आठला ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर गर्दी. सरकारने पाच वर्षं कळ काढली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून नमतं घेतलं.

बरं, मंत्रिमहोदयांच्या मते तरुणांना बिघडवणारी ही गाणी कोणाची? लता, रफी, तलत, गीता दत्त यांची. नौशाद, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांची. म्हणजे तुमचे वडील दर रविवारी डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून “याला म्हणतात गाणं” असं ज्याबद्दल म्हणतात, तोच हा कचरा. ओट्यावर चोरून ऐकलेला आणि त्यापायी बहुधा दोन थपडाही खाल्लेला. पण वडिलांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस दिसतो का? तुम्हाला हाच चेहरा कमवायचा आहे.

त्यांचेही वडील काही कमी नव्हते. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. खानदानी घरातली बाई सिनेमात नाचगाण्याच्या लोकांत गेली, म्हणून भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या. त्याच्या एकोणीस वर्षं आधी फाळक्यांना तर तारामतीसाठी बाईच मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या बाप्यालाच लुगडं नेसवावं लागलं. पुढे दुर्गाबाई ‘सोज्वळ आई’ म्हणजे काय याचं मापच होऊन बसल्या आणि त्या आठ्या कोणाच्या होत्या हे कोणालाच आठवेना.

फार मागे जायचं तर पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळींत टिळक होते, रानडे होते. एवढ्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांचा घोळ झाला. चहा! तेव्हा चिरंजीवांच्या हातातल्या साबुदाणा घातलेल्या रंगीत पेयाबद्दल चार शब्द सुनवायचे असतील, तर तुमच्या हातातला कप आधी संपवा आणि नजरेआड ठेवा.

विसरण्यात तुम्ही कितीही तरबेज झालात, तरी साक्षीदारांचा बंदोबस्त करायला हवा. समजा, तुम्ही जेवणाच्या टेबलावर मुलीला स्क्रीनच्या व्यसनाबद्दल सुनावता आहात. विषय रंगात आला आहे, “आम्हाला असलं वेड नव्हतं” इथपर्यंत तुम्ही पोचलात. आणि पलीकडे मेथी निवडत बसलेली तुमची आई, मान वर न करता, म्हणते, “नव्हतं कसं? नाक्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जायला देवापुढची चिल्लर कोण उचलायचं? मास्तरांच्या शिकवणीला म्हणून निघायचास आणि रुपया-रुपयाचे डाव लावायचास. बाबांनी कानाला धरून आणलं होतं, पायात एकच चप्पल होती तुझ्या.” जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तुमची मुलगी मोबाइल उलटा ठेवते आणि खुर्ची ओढत आजीजवळ सरकते. “आजी, अजून सांग ना!”

अशा वेळी आईला गप्प करणं अशक्य, वाद घालणं त्याहून वाईट. आईचा चष्मा आणि आईचाच मोबाइल शोधून तिच्या हातात द्या, पुरणपोळीचं एखादं रील लावून द्या. आई दहा मिनिटं त्यात जाते. तेवढ्यात स्क्रीनच्या व्यसनावरचं भाषण पूर्ण करा.

भावकीतले काकाही सांभाळायचे असतात. हे काका हल्ली मुलांच्या तोंडच्या भाषेने फार व्यथित आहेत. ‘काय एकेक शब्द वापरतात, घरात आयाबहिणी आहेत!’ त्यांचं ऐकून घ्या, मान डोलवा. त्यांच्या तरुणपणी दादा कोंडके यांचे ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे त्यांना आठवून देऊ नका. ती पंचवीस-पंचवीस आठवड्यांची तिकिटं कोणीतरी काढलीच असतील. आमच्या काकांनी नक्कीच नाही. काका तेव्हा ग्रंथालयात असत.

मैदानाचा विषय मात्र पूर्ण ताकदीनिशी लढा, कारण तिथे आपली बाजू सगळ्यात लंगडी आहे. “आम्ही मातीत खेळलो, ही पोरं एसीत बसून डोळे फोडतात.” सुरेख वाक्य. आता ती माती कुठे गेली? वाड्यामागचं पटांगण, चाळीसमोरची मोकळी जागा, गावाबाहेरचं ते चिंचेचं झाड असलेलं शेत. तिथे सात मजले चढले आणि पाचव्या मजल्यावर, पूर्वेकडच्या बाल्कनीसह, तुम्हीच तर राहता. बाल्कनीतून खाली बघितलंत तर गेटजवळ पाटी दिसेल: ‘सोसायटीच्या आवारात क्रिकेट, फुटबॉल व तत्सम खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ हुकूम कमिटीचा, आणि गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत गाडीच्या काचेवर आलेल्या ओरखड्याचा फोटो दाखवून ठराव मांडणारे सभासद कोण, ते इतिवृत्तात आहे. अनुमोदकाचं नावही आहे. ते इतिवृत्त मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि हो, ओरखडा तुमच्याच स्कूटरच्या हँडलचा निघाला होता, ते वॉचमनला ठाऊक आहे. दिवाळीला त्याच्याकडे थोडं सढळ हाताने बघा.

मार खाल्ल्याचा अभिमान हाही ठेवणीतला ऐवज आहे. डस्टर, फूटपट्टी, ओली छडी, कोंबडा. “म्हणून तर घडलो!” असं म्हणताना छाती पुढे काढायची असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हापासून देश कसा मऊ पडला यावर तुम्ही अर्धा तास बोलू शकता. हेडमास्तरांचं नाव निघालं की आजही हाताचे तळवे आपोआप खिशात जातात, ते जाऊ द्या. खिसे त्यासाठीच असतात.

एक काळजी राहते ती गणपतीतल्या मिरवणुकीची. तिथे भले भले पथ्य मोडतात. वर्षभर ज्या गाण्याला तुम्ही ‘बीभत्स’ म्हणालात, ते ढोल-ताशानंतर वाजू लागलं की पाय ऐकत नाहीत. ‘झिंगाट’ २०१६ साली आलं तेव्हा मराठी संस्कृतीची चिंता वाहणारे किती जण पुढच्या लग्नसराईत घामाघूम होऊन शर्टाची बटणं शोधत होते, ते व्हिडिओवाल्यांना विचारा. नाचायला हरकत नाही. फक्त कोणी चित्रीकरण करत नाही ना, ते बघा. आणि करत असेल तर त्याच्याकडे बघून हात वर करू नका.

वारसदाराची काळजी तर मुळीच करू नका. तो तुमच्या घरातच तयार होतो आहे. वयवर्षं बावीस, कानात पांढरे बोंडुक, अजून पहिली नोकरी लागायची आहे. पण कान देऊन ऐका, बाल्कनीत नऊ वर्षांच्या चुलतभावाला तो काय सांगतो: “तुम्हाला काय कळणार! २०२० मध्ये बंदी यायच्या आधी टिकटॉकवर गावागावातली पोरं काय भारी काम करायची. खरं टॅलेंट होतं तेव्हा. आता नुसता कचरा.” मध्ये बोलू नका. टिकटॉकवरून तुम्ही त्याच्याशी तेव्हा दोन महिने अबोला धरला होतात, हेही काढू नका. पोरगा अचूक चालला आहे. फक्त ‘कचरा’च्या आधी उसासा जरा तोकडा पडतो. जेवण झाल्यावर त्याला गच्चीवर घेऊन जा आणि तेवढा एक घोटवून घ्या.