कंपनीला दिलेला सल्ला कोणाच्या मालकीचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

जैवतंत्रज्ञान कंपन्यांना नैतिक प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या अभ्यासकांसाठी लेखी आचारसंहिता हवी, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. आपण एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून आपले मत असे झाले आहे की पैसे घेऊन दिलेल्या नैतिक सल्ल्याला काही किंमत नसते. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हे प्राध्यापकांनाही चुकत नाही. आचारसंहिता लिहिणारे स्वतःच सल्लागार असल्यामुळे ती त्यांच्या सोयीची होते आणि हितसंबंध जाहीर केल्याने ते नाहीसे होत नाहीत, असेही आपण म्हणता. म्हणून कंपनीकडून मोबदला घेण्यावर सरसकट बंदी घालावी आणि असे सल्लागार सरकारी निधीतून नेमावेत, असा आपला निष्कर्ष आहे.

आपले आक्षेप वजनदार आहेत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. सगळे लक्ष मानधनावर खिळले की करारातल्या दुसऱ्या एका कलमाकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते खरा धोका त्या कलमात आहे. ते कलम गोपनीयतेचे. मानधन देऊन कंपनीला सल्लागाराचे मत विकत घेता येईलच असे नाही. मात्र गोपनीयतेच्या कलमावर सही झाली की त्या मतावरचा ताबा तिच्याकडे जातो. मग नामवंत तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याचे कंपनीला जाहीरपणे सांगता येते, आणि तज्ज्ञांनी नेमके काय सांगितले, त्यातले किती मानले गेले, हे तिच्या कपाटात राहते.

आधी आचारसंहिता कोणी लिहिली याविषयी. अमेरिकेत जीवनीतिशास्त्राच्या (वैद्यक आणि जीवशास्त्रातील नैतिक प्रश्नांच्या) अभ्यासकांची एक संघटना आणि वैद्यकीय कायद्याच्या अभ्यासकांची एक संघटना, या दोघींच्या संयुक्त कृतिगटाने २००२ मध्ये ‘हेस्टिंग्ज सेंटर रिपोर्ट’ या नियतकालिकात खासगी कंपन्यांना सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बरूक ब्रॉडी, आर्थर कॅप्लान, जोनाथन मोरेनो, लॉरी झोलॉथ अशी या क्षेत्रातली मोठी नावे त्या गटात होती, आणि झोलॉथ त्याआधी जेरॉन या कंपनीच्या नैतिक सल्लागार मंडळावरही होत्या. त्यामुळे ‘स्वतःचे नियम स्वतःच लिहिले’ हा आपला आरोप वस्तुस्थितीला धरून आहे. मिनेसोटा विद्यापीठाचे कार्ल इलियट त्या काळात हेच सातत्याने सांगत होते: कंपन्यांवर नजर ठेवण्याची अपेक्षा ज्यांच्याकडून आहे, तेच कंपन्यांच्या पैशावर अवलंबून राहू लागले तर समाजाने कोणाकडे पाहायचे? हा प्रश्न मला आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो. पण डॉक्टरांचे नियम डॉक्टर लिहितात आणि वकिलांचे वकील. नियम कोणी लिहिले यावर संशय जरूर घ्यावा, पण त्यांचा निवाडा त्यात काय लिहिले आहे यावरून व्हावा. २०१४ मध्ये जीवनीतिशास्त्राच्या त्याच संघटनेने आणखी एक आचारसंहिता स्वीकारली, तीही रुग्णालयांत सल्ला देणाऱ्यांसाठी. कंपन्यांच्या सल्लागारांचा त्यात विचार नाही, हे मला खटकते.

आता जेरॉनचे उदाहरण, कारण बंदीचा आपला प्रस्ताव नेमका इथे अडतो. कॅलिफोर्नियातील या कंपनीच्या अर्थसाहाय्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणांपासून मूलपेशी (शरीरातल्या निरनिराळ्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) वेगळ्या केल्या आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ते संशोधन जाहीर झाले. भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी वापरण्यास १९९६ पासून कायद्याने मनाई होती. सरकारी पैसा नाही, म्हणून त्या पैशाबरोबर येणारी सरकारी देखरेखही नाही, अशी ती स्थिती होती. कंपनीच्या पातळीवर जी काही नैतिक विचारणा झाली ती तिने स्वतः नेमलेल्या मंडळाकडून. कॅरेन लेबॅक्झ या त्याच्या अध्यक्ष होत्या आणि सदस्यांत धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा भरणा होता. आपण म्हणता तशी बंदी त्या वेळी असती, तर कंपनीला प्रश्न विचारणारे तिथे कोणीही उरले नसते, कारण सरकारने स्वतःच त्या क्षेत्रातून अंग काढून घेतले होते.

या मंडळावर टीका झाली आणि ती रास्त होती: काम सुरू झाल्यानंतर नेमलेले मंडळ ‘हे करावे का’ असे विचारू शकत नाही, ते फक्त ‘कसे करावे’ एवढेच सांगू शकते. पण ही टीका होऊ शकली ती कशामुळे? मंडळाने आपले निवेदन १९९९ मध्ये ‘हेस्टिंग्ज सेंटर रिपोर्ट’मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच अंकात इतर अभ्यासकांची भाष्येही छापली गेली. मानधनाचा प्रश्न होता तसाच राहिला, पण सल्ला चव्हाट्यावर आला आणि तो अपुरा आहे हे कोणालाही दाखवून देता आले.

दुसरे उदाहरण मॅसॅच्युसेट्समधील ‘अॅडव्हान्स्ड सेल टेक्नॉलॉजी’ या कंपनीचे. क्लोनिंगने मानवी भ्रूण तयार केल्याचा दावा तिने नोव्हेंबर २००१ मध्ये केला. त्यातला सर्वांत पुढे गेलेला भ्रूण सहा पेशींपर्यंतच वाढला होता. डार्टमथ महाविद्यालयाचे रोनाल्ड ग्रीन यांच्या अध्यक्षतेखालील नैतिक मंडळाने बीजांडे देणाऱ्या स्त्रियांविषयी बारकाईने नियम घातले होते. वय २४ ते ३२ च्या दरम्यान हवे, किमान एक मूल आधीच झालेले हवे, आणि मोबदला सुमारे ४,००० डॉलर, म्हणजे लागणाऱ्या वेळाचा हिशेब करून ताशी साधारण ४० डॉलर. पैशाच्या मोहाने कोणी स्त्रीने धोका पत्करू नये, पण तिचे कष्ट फुकटही घेतले जाऊ नयेत, असा तो विचार होता. हा आकडा योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतो, पण कंपनीची टाळी वाजवणाऱ्या माणसाला एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती. त्याच मंडळातून ग्लेन मॅकगी यांनी त्याआधी राजीनामा दिला होता. राजीनामा देणाऱ्याला आपली कारणे जाहीरपणे सांगता येतात की नाही, हे मला सल्लागाराच्या तासाच्या दरापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

आपण जेसी गेल्सिंगरचा उल्लेख केला आहे, तेव्हा त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. यकृतातील एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे रक्तात अमोनिया साठण्याचा आजार असलेला हा अठरा वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या (सदोष जनुकाचे काम करणारे निरोगी जनुक शरीरात पोचवण्याच्या) चाचणीत सहभागी झाला आणि १७ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा मृत्यू झाला. चाचणीचे प्रमुख जेम्स विल्सन यांनी स्थापन केलेल्या जेनोव्हो या कंपनीत त्यांचे आणि विद्यापीठाचे दोघांचेही आर्थिक हितसंबंध होते. चाचणी मरणाच्या दारात असलेल्या नवजात बाळांवर करू नये, कारण अशा बाळाच्या आईवडिलांची संमती मोकळ्या मनाने दिलेली नसते, त्याऐवजी सौम्य आजार असलेल्या प्रौढांना घ्यावे, असा सल्ला आर्थर कॅप्लान यांनी दिला होता. ते विल्सन यांच्याच विभागाशी संलग्न होते, म्हणून आपण या सल्ल्याकडे पैशाचा परिणाम म्हणून पाहता. मला तसे दिसत नाही. मरणासन्न बाळाच्या आईवडिलांविषयीचा तो विचार स्वतंत्रपणे वाचला तर आजही सहजासहजी खोडून काढता येत नाही.

तिथे बिघडले ते दुसरीकडे. आधीच्या प्रयोगांत काही माकडे दगावली होती, ही माहिती जेसीसमोर ठेवलेल्या संमतिपत्रात नव्हती. औषध दिले त्या दिवशी त्याच्या रक्तातील अमोनिया ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता, हेही नंतरच्या चौकशीत पुढे आले. कोणावर चाचणी करावी हे सल्लागाराला विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले. संमतिपत्राचा अखेरचा मसुदा आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे निकाल एकत्र समोर ठेवून तपासणे हे कोणाच्या कामात लिहिलेले होते? म्हणून कंपनीने विचारला तेवढाच प्रश्न पाहायचा की त्या प्रश्नाशी संबंधित सर्व कागद मागण्याचा अधिकार सल्लागाराला असावा, हा आचारसंहितेतला कळीचा मुद्दा आहे. आपण गुणवत्ता विभागात होतात. मूळ नोंदी न पाहता केवळ सारांशावर सही करणारा तपासनीस काय कामाचा, हे आपल्याला मी सांगायला नको.

मोबदल्याबाबतही माझे मत मोघम ठेवत नाही. सल्लागाराने कंपनीचे शेअर घेऊ नयेत, तिच्या यशावर अवलंबून असलेली कोणतीही रक्कम घेऊ नये आणि मिळालेली रक्कम जाहीर करावी. पण कंपनीचा पैसा आला की मत वाकतेच, असे मात्र नाही. हेस्टिंग्ज सेंटर या जीवनीतिशास्त्राच्या अमेरिकी संशोधन संस्थेला एली लिली ही औषध कंपनी दरवर्षी २५,००० डॉलर देत असे. २००० मध्ये केंद्राच्या नियतकालिकात प्रोझॅक या नैराश्यावरील तिच्या औषधाच्या वापरावर टीका करणारे लिखाण आले आणि कंपनीने ही मदत बंद केली. पैसे गेले, पण लेख छापला गेला होता, कारण काय छापायचे याचा निर्णय संपादकांचा होता. त्या देणगीबरोबर छापण्यापूर्वी कंपनीची परवानगी घेण्याची अट असती, तर मदत चालू राहिली असती आणि वाचकांना काहीच कळले नसते.

आपल्याकडची एक गोष्टही या संदर्भात सांगण्यासारखी आहे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याच्या (कीड रोखण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या वांग्याच्या) सुरक्षितता चाचण्यांची माहिती माहिती अधिकारात मागितली गेली, केंद्रीय माहिती आयोगाने ती देण्यास सांगितले, कंपनीने त्याविरुद्ध न्यायालयात हरकत घेतली, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतरच बाहेरच्या शास्त्रज्ञांना ती तपासता आली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. स्थगिती योग्य होती की नाही, हा वेगळा वाद आहे. मुद्दा एवढाच की कंपनीच्या खर्चाने झालेल्या चाचण्यांवर खुली चर्चा होऊ शकली ती कागद बाहेर आल्यानंतर, आणि त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आपण प्रतिक्रियेत संस्थांच्या नैतिकता समित्यांचाही उल्लेख केला आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडे २०१९ चे नियम आहेत: किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, हितसंबंध असलेल्या सदस्याने निर्णयातून बाजूला व्हायचे. ती चौकट औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची आहे. कंपनीने परस्पर, खासगी करारावर नेमलेला सल्लागार त्या चौकटीत बसत नाही, आणि त्याच्यासाठी म्हणून लेखी संहितेचा आग्रह मी धरला आहे.

त्या संहितेत करारासाठी काय असावे, हे आता स्पष्ट लिहितो. पेटंट न घेतलेली प्रक्रिया, जनुकांचा क्रम, व्यापारी भागीदारांची नावे एवढेच गोपनीय राहील, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाच्या जिवाशी संबंधित कोणतीही बाब कोणत्याही कलमाखाली गोपनीय ठरणार नाही. कंपनीने सल्लागाराचे नाव पत्रकात किंवा संकेतस्थळावर वापरले, तर त्याचा संपूर्ण सल्ला, नाकारलेल्या शिफारशींसह, त्याच वेळी प्रसिद्ध करणे तिच्यावर बंधनकारक राहील. सल्ला कोणत्या तारखेला मागितला आणि संशोधन कोणत्या तारखेला सुरू झाले, या दोन्ही नोंदी त्यात असतील. राजीनामा देताना कारणे जाहीर करण्याचा हक्क सल्लागाराला करारानेच मिळेल. या अटी मान्य नसलेल्या कंपनीला सल्ला देऊ नये, एवढी बंदी मला मान्य आहे, आणि ती मानधनावरच्या बंदीपेक्षा कंपन्यांना जास्त जाचेल.

सरकारी निधीतून सल्लागार नेमण्याच्या आपल्या सूचनेला माझा विरोध नाही. तसा निधी उभा राहिला तर मी त्याचे स्वागतच करीन. पण त्या सल्लागाराच्या नेमणूकपत्रातही वरच्या अटी घालाव्या लागतील, कारण खात्याच्या फायलीत बंद झालेला सल्ला कंपनीच्या कपाटातल्या सल्ल्याइतकाच निरुपयोगी असतो. आपल्या विभागात बाहेरच्या तज्ज्ञांशी झालेल्या करारांमध्ये गोपनीयतेचे कलम कसे लिहिलेले असे, हे कंपनीचे नाव न घेता आपल्याला सांगता आले, तर ही चर्चा आपल्याकडच्या प्रत्यक्ष कागदांवर पुढे नेता येईल.