अनुदान रखडल्याच्या आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या सोलरच्या दुकानाला ऑनलाइन एकच तारा देऊन लिहिलेली तक्रार मी रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी दुकान उघडताच आपली फाईल काढून ती कागदांशी ताडून पाहिली. आपले म्हणणे थोडक्यात असे : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या घरावर आम्ही 3 किलोवॅटचे सोलर बसवून चार महिने झाले, पण 78,000 रुपयांचे अनुदान खात्यात आलेले नाही, आमच्या माणसाने 'अनुदान मिळवून देण्याचा खर्च' म्हणून 3,000 रुपये रोख घेतले, बिल शून्य येईल असे सांगितले, तरी जुलैचे बिल आलेच, लाईट गेली की सोलरही बंद पडते, आणि शेजाऱ्यांना हेच काम बरेच स्वस्तात मिळाले. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींत दोष सर्वस्वी आमचा आहे. पुढच्या दोन गोष्टी तांत्रिकदृष्ट्या ठीक असल्या, तरी त्या आपल्याला आधी सांगितल्या गेल्या नाहीत, आणि तोही आमचाच दोष आहे. आपले नाव व आरआर नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) येथे न देता मी सविस्तर उत्तर देत आहे, कारण आपल्यासारखे प्रश्न घेऊन निपाणी, चिकोडीपासून खानापूरपर्यंतची माणसे रोज आमच्याकडे येतात.

आधी त्या 3,000 रुपयांविषयी. घरांवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली' योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायला कोणतेही शुल्क नाही, आणि अनुदान विक्रेत्याच्या हातून जात नाही. ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे ते 'मिळवून देण्याचा' खर्च असा काही प्रकारच नाही. आमच्या माणसाने पावती न देता ही रक्कम घेतली, हे त्याने माझ्यासमोर कबूल केले आहे. मंगळवारी ती आपल्या खात्यात परत पाठवली आहे. त्याच्या हातून घेतल्या गेलेल्या अशा इतर रकमा शोधण्यासाठी गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक ग्राहकाला मी स्वतः फोन करीत आहे.

आता अनुदान. योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असे मिळून 78,000 रुपये होतात. त्यापुढे कितीही क्षमता बसवली तरी अनुदान तेवढेच राहते. यंत्रणा सुरू झाल्याचा अहवाल आणि बँकेचा तपशील पोर्टलवर गेला की साधारण महिन्याभरात पैसे येणे अपेक्षित असते. आपल्या बाबतीत घरचे वीज बिल अजून आपल्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते आणि बँक खाते आपल्या नावावर. ही दोन नावे जुळत नाहीत हे पहिल्याच दिवशी आम्हाला दिसायला हवे होते. आधी हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या कार्यालयात नाव बदलून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा, एवढे एक वाक्य आमच्या माणसाने सांगितले असते तर आपले चार महिने वाया गेले नसते. तसे न करता अर्ज पुढे रेटला गेला आणि अनुदानाच्या टप्प्यावर अडकला. आपण वारसाची कागदपत्रे दिल्यानंतर आता नाव बदलले आहे आणि मागच्या आठवड्यात अनुदानाची मागणी पोर्टलवर नव्याने नोंदवली आहे. त्या नोंदणीच्या पानाची छापील प्रत मी आपल्याला आणून देईन. दरम्यान या सोलरसाठी काढलेल्या आपल्या कर्जावर या 78,000 रुपयांपोटी जे व्याज चढले, ते बँकेच्या उताऱ्याप्रमाणे आमचे दुकान भरेल.

बिलाविषयी सांगताना आमच्या माणसाने योजनेच्या नावातल्या 'मुफ्त' या शब्दाचा आधार घेतला, तसा तो घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. या योजनेत आपले बिल दुसरे कोणी भरत नाही. आपल्या छतावर जितकी वीज तयार होते तितकी आपल्या वापरातून वजा होते. 3 किलोवॅटमधून चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट मिळतात, पण खानापूर भागातला जून ते सप्टेंबरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. त्या दिवसांत हे उत्पादन कधी कधी निम्म्याच्याही खाली येते. शिवाय मंजूर भारावरचा स्थिर आकार सोलर बसवल्यानंतरही द्यावाच लागतो. आपले जुलैचे बिल या दोन्ही कारणांनी आले आहे आणि घेतलेली आणि लाईनला परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरच्या नोंदीप्रमाणे ते बरोबर आहे. मात्र विकताना बारा महिन्यांची बिले समोर ठेवून हा हिशेब मांडणे आमचे काम होते. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत 200 युनिटांच्या आत राहून ज्यांचे बिल आधीच शून्य येते, अशा घरांतही काही जण सोलर विकायला जातात. त्या कुटुंबाला कर्ज काढून काय मिळणार आहे, हे आधी सांगितलेच पाहिजे.

लाईट गेल्यावर सोलर बंद पडणे हा बिघाड नव्हे. आपल्याकडचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, ऑन-ग्रिड (बाहेरच्या लाईनशी जोडूनच चालणारा) आहे आणि बाहेरची लाईन मेली की तो आपोआप थांबतो, कारण तो चालू राहिला तर आपल्या छतावरची वीज उलट लाईनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेलेल्या वेळीही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीच्या खर्चावर या योजनेत वेगळे अनुदान नाही. हे कळले असते तर आपण कदाचित वेगळा निर्णय घेतला असता, हे मला मान्य आहे.

शेजाऱ्यांच्या स्वस्त कामाबद्दल मी त्यांच्या विक्रेत्याला नावे ठेवणार नाही. एवढेच सुचवतो की अनुदानासाठी पॅनेलच नव्हे, तर त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात आणि असे पॅनेल महाग पडतात. आपल्या छतावर चढून पॅनेलच्या मागे वाकून पाहिले तर चौकटीच्या आतल्या बाजूला बारकोडचा स्टिकर दिसेल. त्यावरचा क्रमांक आम्ही पोर्टलवर भरलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहता येतो. शेजाऱ्यांनीही तसे जरूर पाहावे.

आपण लिहिले आहे की आमचा माणूस 'सरकारकडून आलो' असे म्हणाला. आम्ही नोंदणीकृत विक्रेते आहोत, सरकारचे प्रतिनिधी नाही, आणि नोंदणी म्हणजे आमच्या कामाची सरकारने दिलेली हमी नव्हे. ग्राहकाला खरे संरक्षण मिळते ते करारातून. त्यात पाच वर्षे विनामूल्य देखभाल ही आमच्यावरची बांधिलकी आहे, ती आपण हक्काने मागावी. अडचण अशी झाली की करार इंग्रजीत होता, वीज कंपनीचे कागद कन्नडमध्ये होते, आणि आपल्या आईंशी झालेले सगळे बोलणे मराठीत. बोललेले आणि लिहिलेले यांत पडलेले अंतर त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. या सोमवारपासून प्रत्येक ग्राहकाला कराराचा मराठी मजकूर सही करण्याच्या किमान दोन दिवस आधी दिला जात आहे. त्यात एकूण किंमत, अनुदान कोणाच्या खात्यात येणार, पावसाळ्यातले उत्पादन आणि इन्व्हर्टर कधी थांबतो हे ठळक लिहिले आहे.

या उत्तराने आपले समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आपण तक्रार करू शकता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. आमचे कोटेशन, बिल आणि आमच्या माणसाचा कबुलीजबाब यांच्या प्रती मी आपल्याला देईन. त्या आपण आमच्याविरुद्ध खुशाल वापराव्यात. तक्रार काढून टाकावी अशी आमची विनंती नाही.

येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः आपल्या घरी येतो. वडिलांच्या नावाचे जुने बिल, नवे बिल आणि बँकेचा उतारा काढून ठेवावा. व्याजाचा आकडा आपण तिथेच बसून ठरवू, आणि आपल्या आईंना वेळ असेल तर मराठी करार त्यांना वाचून दाखवायचा आहे.