दोन्ही बाह्या डाव्याच

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चार दिवस थोडी थोडी लिहितेय.

मी सांगलीत ब्लाऊज शिवते. सव्वीस वर्षं झाली. जुन्या गिऱ्हाइकांची मापं मला वहीत बघावी लागत नसत. बाई दारात दिसली की छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, सगळं डोक्यात हजर. कुणी बाळंतपणानंतर आली तर नुसतं बघून 'दोन इंच वाढवते हं' म्हणायचे आणि ते बरोबर निघायचं. याचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या कार्तिकात एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नातला पैठणीचा ब्लाऊज कापायला घेतला. पैठणीच्या बाह्या मी एकेक करून कापते, काठ सरळ यावा म्हणून. एक कापली की कागदाचा साचा पालथा घालायचा आणि मग दुसरी. शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवते. दोन्ही कापून झाल्या, जोडायला मशीनवर घेतल्या आणि बघते तर दोन्ही बाह्या डाव्याच. कापड तेवढंच होतं, काठ संपलेला. मी साचा पालथा घातला होता का, ते काही केल्या आठवेना. चुका काय, सगळ्यांच्याच होतात. पण पाच मिनिटांपूर्वी आपल्याच हातांनी काय केलं ते आठवू नये, याने मला दरदरून घाम फुटला.

तेव्हा माझे उपचार संपून सात महिने झाले होते. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, मग चार वेळा ते लाल रंगाचं औषध, मग दर आठवड्याला एक अशा बारा कीमो, मग पंधरा दिवस लाइट (रेडिएशनला आमच्या वॉर्डात सगळे हेच म्हणायचे) आणि आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी. केस गेले, आले. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सुई धरल्यासारखी वाटतच नाही. हे सगळं आधी सांगितलेलं होतं, त्याची मनाची तयारी होती. डोक्याचं मात्र कुणी बोललं नव्हतं.

आता मागे वळून बघते तर सुरुवात आधीच झाली होती. टेप लावून 'साडेचौदा' वाचायचं आणि वहीकडे वळेपर्यंत आकडा गायब. पुन्हा टेप. पुन्हा गायब. गिऱ्हाईक समोर हात वर करून उभं. मी हसून 'चष्मा बदलायला पाहिजे' म्हणायचे. टीव्ही चालू असताना कुणी बोललं तर दोन्हीपैकी काहीच डोक्यात शिरायचं नाही. 'पक्कड' हा शब्द आठवेना म्हणून 'ते, ते, गरम भांडं उचलायचं' असं हातवारे करून सांगायचे.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, 'आमचंही असंच होतं गं वयानं.' त्या ७८ वर्षांच्या, मी ४९. हे म्हणाले, 'तुझं लक्ष नसतं.' नणंदेने तर शेवटचंच सांगितलं: 'जीव वाचला ना? मग विसरण्याचं काय घेऊन बसलीस!'

मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल. ते कुणी वाईट मनाने म्हणत नाही. पण ते ऐकलं की पुढची तक्रार आपण गिळतो. एवढं मोठं संकट गेलं, लोकांनी पैसे उभे केले, नवऱ्याने रजा काढल्या, आणि आता पक्कड आठवत नाही म्हणून रडायचं? कृतघ्नपणा वाटतो. म्हणून मी वर्षभर चष्म्यावर ढकललं. माझ्यासारख्या किती जणी आज कशाकशावर ढकलत असतील, देव जाणे.

एकदा फॉलोअपला धीर करून विचारलं होतं. रांग मोठी होती, डॉक्टरांनी रिपोर्ट बघता बघता 'होईल हळूहळू बरं, टेन्शन घेऊ नका' म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला गेला. दोष त्यांना तरी किती देऊ? मी सांगितलं काय तर 'विसरायला होतं'. एवढ्यावरून कुणाला काय कळणार!

दोन डाव्या बाह्यांनंतर लेकीने मोबाईलवर शोधलं. त्याला 'कीमो ब्रेन' म्हणतात म्हणे. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ बायका आणि निरोगी ३६४ बायका यांची तुलना छापली होती. कीमो संपून सहा महिन्यांनी कॅन्सरवाल्यांपैकी ३६.५ टक्के बायकांचं डोकं आधीपेक्षा मंदावल्याचं त्यांच्या उत्तरांवरून दिसलं. निरोगी बायकांत १३.६ टक्के. म्हणजे सासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या, विसरतात सगळेच. पण तेरा आणि छत्तीस यांत फरक आहे की नाही? ते वाचून मी अर्धा तास रडले, आणि ते रडू सुटका झाल्याचं होतं.

पुढच्या वेळी मी वही घेऊन गेले. हे मात्र नीट वाचा. महिनाभर मी तारीख घालून लिहीत होते: काय झालं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, त्या दिवशी कुठल्या गोळ्या घेतल्या. त्यात सर्दीची, झोप आणणारी गोळीसुद्धा. 'टॅमॉक्सिफेन सकाळी घेतली, रात्री पुन्हा घेतली, पाकिटातली गोळी कमी झाल्यावर कळलं' अशी नोंद दोनदा होती. आणि यांना बरोबर नेलं. कारण आपलं आपल्याला जेवढं दिसतं त्यापेक्षा घरच्यांना वेगळं दिसतं.

यावेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या, तरुण. त्यांनी वही सगळी वाचली. मग एक वाक्य बोलल्या, ते मी शिलाईच्या टेबलावर चिकटवून ठेवलंय: 'ताई, साडेचौदा तुम्ही विसरला नाहीत, तो आकडा आत गेलाच नाही.' लक्ष तुटलं की गोष्ट नोंदवलीच जात नाही, मग आठवणार कुठून? म्हणून जुनं सगळं मला लख्ख आठवतं. १९९८ सालच्या गिऱ्हाइकाचा मुंढासुद्धा. नवीन तेवढं राहत नाही.

आणि कारण एकटं कीमोचं औषध नसतं, हेही त्यांनीच सांगितलं. काही जणांना तर कीमो सुरू व्हायच्या आधीपासूनच असा त्रास असतो. माझ्यात पाच-सहा गोष्टींची खिचडी होती. कीमोने पाळी बंद झाली ती एकदम. रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते, की झोप गेली. त्यांनी रक्त तपासायला दिलं: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, सोडियम, कॅल्शियम, साखर. बी-१२ फारच कमी निघालं. आमच्या घरी माळ आहे, मांस-अंडं काही नाही, त्यामुळे असेलही आधीपासून. मग विचारलं, 'रडू येतं का? शिवणकाम नकोसं वाटतं का?' मी नाही म्हणाले. हे शेजारून म्हणाले, 'हो.' उदासीनेही विसरायला होतं आणि तिच्यावर औषध आहे. फक्त टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्याच्या काही गोळ्या त्याचा असर कमी करतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांनी अशी गोळी लिहिली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करायची. आणि डोकं चालत नाही म्हणून टॅमॉक्सिफेन आपल्या मनाने बंद करायची नाही. मी तो विचार केला होता. त्या रागावल्या.

बी-१२ ची इंजेक्शनं झाली, झोपेचं थोडं मार्गी लागलं. पूर्ण पूर्वीसारखी झाले का? नाही. सत्तर टक्के म्हणा.

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. 'कीमो ब्रेन' हे नाव सोयीचं आहे. इतकं सोयीचं की सगळंच त्यात ढकललं जातं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कीमो घ्यायला एक काकू यायच्या, जतकडच्या. उपचार संपल्यावर आम्ही फोनवर बोलायचो. त्या बोलता बोलता चुकीचे शब्द वापरायला लागल्या, दाराला खिडकी म्हणायच्या. सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकायचं, उलटी व्हायची, मग बरं वाटायचं. सुनेला वाटलं पित्त. मीही फोनवर मोठ्या तोंडाने सांगितलं, 'अहो मलाही होतं असं, कीमोचं असतं ते.' मला अजून ते वाक्य टोचतं. महिन्याभराने चालताना एका बाजूला तोल जायला लागला तेव्हा नेलं, एमआरआय केला. मेंदूत गाठ होती. आता लाइट देतायत.

कीमोचा विसरभोळेपणा सहसा हळूहळू कमी होतो किंवा आहे तिथे राहतो. तो वाढतच चालला, तर ते वेगळं काहीतरी असू शकतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, माणसं न ओळखणं, स्वभावच बदलणं, वाढत जाणारी डोकेदुखी: यांतलं काही दिसलं तर पुढच्या फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. खूप तहान, बद्धकोष्ठ, आणि माणूस गुंगीत बडबडतोय असं असेल तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं, तेही ताबडतोब बघावं लागतं. आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ अडखळणं, फिट येणं, यात घरगुती उपाय नाहीत, १०८ ला फोन. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तरी असं होतं, आणि टॅमॉक्सिफेनने गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, हे तर मला खूप उशिरा कळलं.

कीमो चालू असतानाची गोष्ट अजून वेगळी. आमच्या ओळखीतल्या एका मामांना कीमोनंतर दहाव्या दिवशी रात्री ताप आला आणि ते असंबद्ध बोलायला लागले. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजलं, सकाळ व्हायची वाट बघितली. संसर्ग रक्तात पसरला होता. वाचले, पण अकरा दिवस आयसीयूत काढून. आमच्या फ्रिजवर मी त्या काळात १००.४ हा आकडा लिहून ठेवला होता. तेवढा ताप म्हणजे रात्री तीन वाजले असले तरी हॉस्पिटल.

मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

उपाय म्हणून मला लोकांनी काय काय दिलं! बदाम ठीक आहेत. ब्राह्मीच्या गोळ्या, कसलं तरी स्मृतिचूर्ण, एका गिऱ्हाइकाने थेट नेपाळहून आणलेली काळी पुडी. सगळं पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेलं. पुडीवर काय आहे तेच लिहिलेलं नव्हतं. ती टाकली. या विसरण्यावर हमखास अशी गोळी अजून तरी नाही. चालण्याने मात्र फरक पडतो. मी पहाटे गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत जाते आणि परत येते. आल्यावरचे दोन तास डोकं सगळ्यात साफ असतं, म्हणून कटिंग फक्त तेव्हाच. दुपारी हातशिलाई, हुक, फॉल. कापताना फोन दुसऱ्या खोलीत. माप घेताना मी आकडा मोठ्याने म्हणते आणि शिकायला येणारी मुलगी लिहिते, गिऱ्हाइकांना वाटतं मी तिला शिकवतेय. आणि प्रत्येक बाहीवर कापायच्या आधी खडूने 'डा' आणि 'उ'. सव्वीस वर्षांत कधी लिहावं लागलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिताना लाज वाटली.

पैठणीच्या ब्लाऊजपीसचे पैसे मी भरून दिले. खरं कारणही सांगितलं. त्या बाई 'असू दे, असू दे' म्हणाल्या, पण परत आल्या नाहीत. वाईट वाटतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले नसते बहुतेक.

परवा गुरुवारी मिरजेला फॉलोअप आहे. वहीत यावेळी पाच नोंदी आहेत, मागच्या वेळी अकरा होत्या. चार माझ्या अक्षरात आहेत. पाचवी यांनी लिहिलीय: 'मंगळवारी रात्री जेवताना एकच प्रश्न तीनदा विचारला.' मला एकदाही विचारल्याचं आठवत नाही. डॉक्टरांना ती सगळ्यात आधी दाखवणार आहे.