लेखिकेने चूक कबूल केली, पण कोणती?

मागच्या रविवारी ताईचा फोन आला. तिने भाचीची वही काढून घेतली होती. भाची सोळा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून कथा लिहिते. या वहीतल्या कथेत एक अंतराळप्रवासी आपली हकीकत सांगतो. पहिल्या सहा पानांवर ‘मी निघालो’, ‘मी घाबरलो’, ‘मी झोपलो’. आठव्या पानावर, परक्या ग्रहावर उतरल्यावर, ‘मी थांबले’. आणि पुढे शेवटपर्यंत तसंच. ताईने पुरावा म्हणून पानांचे फोटो पाठवले. त्याच आठवड्यात तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला होता: विज्ञानकथा आणि अद्भुतकथांमधून मुलांच्या मनात लिंगाविषयी विष पेरलं जातंय, पालकांनी घरातली अशी पुस्तकं बाजूला काढावीत. ताईने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि वही कपाटात कुलपात गेली.

तोच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आला. त्यात पाच मुद्दे आहेत. भाचीला विचारूनच हे लिहिते आहे.

‘हे सगळं गेल्या दहा वर्षांतलं खूळ आहे.’ साफ खोटं. ओझच्या जादूनगरीवरचं दुसरं पुस्तक 1904 साली आलं, तेही लहान मुलांसाठी. त्यात चेटकिणीने वाढवलेला टिप नावाचा मुलगा आहे. शेवटी कळतं की तो मुळात राजकन्या ओझ्मा. चेटकिणीने तिचं रूप बदललं होतं. टिप आधी नको म्हणतो, मग तयार होतो. ओझ्मा झाल्यावर ती मित्रांना सांगते की मी तोच टिप आहे, फक्त... आणि एक मित्र वाक्य पुरं करतो: फक्त वेगळी. एकशे वीस वर्षांपूर्वी हे मुलांनी वाचलं, आणि त्यानंतरही पिढ्यानपिढ्या वाचलं.

‘भारतीय संस्कृतीत असलं काही नव्हतं.’ हे लिहिणाऱ्याने महाभारत उघडलेलंच नाही. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगाश्वन राजाची गोष्ट सांगतो. सरोवरात स्नान करताना राजाची स्त्री होते. पुढे इंद्र प्रसन्न होऊन विचारतो, पुन्हा पुरुष व्हायचंय का? ती नको म्हणते, स्त्रीच राहते. बृहन्नडा आणि इला तर सगळ्यांनाच माहीत आहेत. शिखंडीकडे मी नंतर येते.

‘विज्ञानकथेत विज्ञान असावं, लिंगाचा काय संबंध?’ क्लाउनफिश हा मासा आधी नर असतो आणि कळपातली मोठी मादी मेली की सगळ्यात वरचढ नर स्वतः मादी होतो. हे जीवशास्त्र आहे. पुढे जाऊ.

आता चौथा मुद्दा. हाच मेसेजमधला सगळ्यात वजनदार वाटणारा, आणि ताईवर याचाच परिणाम झाला. ‘या प्रकाराची सुरुवात करणाऱ्या उर्सुला ल ग्विन या लेखिकेनेच नंतर आपली चूक कबूल केली.’ (सुरुवात तिने केलेली नाही, ते वर आलंच.)

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. चूक तिने कबूल केली होती. कोणती, ते मेसेज सांगत नाही. तिची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी 1969 ची, ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेली. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. ‘केमर’चे, म्हणजे मीलनाचे, थोडे दिवस येतात तेव्हा शरीर एका बाजूला झुकतं, कुठल्या, ते स्वतःच्या हातात नसतं. जो आज काही मुलांची आई, तोच दुसऱ्या काही मुलांचा बाप असू शकतो. या माणसांसाठी ल ग्विनने सरसकट ‘तो’ वापरला. टीका झाली. 1976 च्या लेखात तिने स्वतःची बाजू मांडली. 1987 साली त्याच लेखाला टिपा जोडून तिने सांगितलं की टीकाकारांचं बरोबर होतं: त्या ‘तो’मुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर पुरुषच उभे राहिले, बाई दिसलीच नाही. गेथेनवर समलिंगी प्रेमाला जागा ठेवली नाही, हेही तिने चूक म्हणून मांडलं. म्हणजे आपण पुरेसं पुढे गेलो नाही, ही तिची कबुली. मेसेज तीच कबुली नेमकी उलट्या बाजूने वापरतो.

इथे भाचीची वही पुन्हा उघडते. इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ टाळलं की सुटका होते. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत फरकच नसतो. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं. पण सगळीकडे नाही. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’ यातून कळत नाही कोण बोलतंय. भाचीच्या सातव्या पानावर, जिथे यान खाली उतरतंय, तिथे अकरा वाक्यं आहेत: ‘मी श्वास रोखला’, ‘मला खाली पाणी दिसलं’, ‘मी हात काचेवर ठेवला’. एकही ‘लो’ नाही, एकही ‘ले’ नाही. अख्खं पान तिने तसं सांभाळलं आहे, आणि मग ‘मी थांबले’. ताईने आठवं पान चूक म्हणून पाहिलं. सातवं पान पाहिलंच नाही.

पाचवा मुद्दा सगळ्यात घातक: ‘असं वाचून मुलं स्वतःबद्दल गोंधळतात, तेव्हा वेळीच आवरा.’ ल ग्विनच्या कादंबरीत गेथेनवर दूत म्हणून आलेला पृथ्वीवरचा माणूस जेन्ली आय पुरुष म्हणून येतो आणि पुरुषच राहतो. सोबती एस्ट्राव्हेनबरोबर हिमपठार ओलांडताना, एका तंबूत, त्याला कळतं की समोरच्या माणसातली बाई आपण भीतीपोटी इतके दिवस पाहिलीच नव्हती. शेवटी त्याचे स्वतःचे लोक यानातून उतरतात तेव्हा तेच त्याला विचित्र वाटतात. बदलते ती त्याची नजर.

आणि आवरल्याने काय होतं, ते शिखंडीच्या गोष्टीत आहे. द्रुपदाच्या घरात मुलगी जन्मली, आईबापांनी मुलगा म्हणून वाढवली, लग्न लावलं. खरं फुटलं, सासरा सैन्य घेऊन निघाला, आणि आईबापांवरचं संकट पाहून शिखंडिनी जीव द्यायला एकटी रानात गेली. तिथे स्थूणाकर्ण यक्ष भेटला, त्याने तिचं ऐकून घेतलं आणि आपलं पुरुषत्व दिलं. घरात ऐकणारं कोणी नव्हतं.

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. अलीकडची काही पुस्तकं या विषयावर नुसती भाषणं देतात, त्यातली माणसं फलक धरून उभी असल्यासारखी बोलतात. ती मलाही आवडत नाहीत. ती न वाचलेलीच बरी.

भाचीला मी विचारलं, हा प्रवासी म्हणजे तू का? ती म्हणाली, ‘मावशी, मला अजून माहीत नाही. लिहिताना कळेल असं वाटत होतं.’

ताई, वही तिला परत दे. कथा अपुरी आहे.