ताशी तीन

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने लोकलमध्ये मोबाइलवर काय वाटेल ते करावं. पत्ते खेळावेत, शेअर विकावेत, मोठ्याने कीर्तन लावावं; कुणी हूं की चूं करत नाही. इंग्रजी शब्द पाठ करायला घेतले की मात्र अख्खा डबा त्याचा पालक होतो.

प्रकरण एवढंच, की आमच्या एचआरला ईमेलांमध्ये ‘रिचनेस’ हवा आहे. म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलवर ॲप, रोज दहा ॲडव्हान्स्ड शब्द आणि महिनाअखेरीला टेस्ट. आम्ही व्हॉल्व्ह विकतो. व्हॉल्व्ह गळतोय हे कळवायला ‘लीक’ आजवर पुरला होता. असो.

गेल्या गुरुवारी ठाण्याहून वाशी लोकलला चौथी सीट मिळाली, म्हणजे एका मांडीपुरती मिळाली. ॲपने शब्द दिला ‘टॅसिटर्न’, खाली चार पर्याय. मी बोट उचलतोय तोवर तिसऱ्या सीटवरच्या काकांचं डोकं मोबाइलवर आलं. सत्तरीचे असावेत. मांडीवर नायलॉनची पिशवी, तिच्यातून अळूची पानं डोकावणारी.

“मुलाची परीक्षा?”

“नाही.”

“मुलीची?”

“माझीच.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आता?”

उभ्या गर्दीतले दोघे-तिघे वळले.

“टॅसिटर्न म्हणजे अबोल. लक्षात कसं ठेवायचं? ताशी तीन! तासाला तीनच शब्द बोलणारा. टॅसि-टर्न, ताशी-तीन. म्हणा.”

मी काही म्हटलं नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दिघा गाव आलं, गेलं. काका बघतच होते. शेवटी म्हटलं.

“शाब्बास. आता पर्निशस?”

“घातक,” मी म्हणालो. हा मला येत होता.

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? येतोय मला.”

“आज येतोय, उद्या जाईल. परनिंदा! परनिंदा घातकच असते. आता कॅन्टँकरस?”

“काका, मी जरा माझं माझं…”

“कांता कर्कश! आमच्या वरच्या मजल्यावर कांतावहिनी आहेत. चालत्या पंख्याशी भांडतील.”

दारातल्या कॉलेजच्या पोराने कानातलं काढलं. “कर्कश नाही काका, भांडखोर.”

“तू ऐकलंयस का कांतावहिनींना?”

पोरगं गप्प. मग खिडकीतल्या एका गृहस्थांनाही आपल्याला शब्द येतात हे सांगायचा मोह झाला. त्यांना काकांनी, “थांबा, आधी यांचं होऊ दे,” म्हणून बसवलं. यांचं म्हणजे माझं.

या विषयातल्या थोरामोठ्यांचं प्रगतिपुस्तक मला ठाऊक आहे, तेवढाच धीर. जेम्स मरे १८७९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक झाले. काम दहा वर्षांत उरकायचं ठरलं होतं. १८८४ साली पहिला भाग निघाला तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. पाच वर्षांत गडी मुंगीला पोचला! मरे १९१५ साली गेले, कोश १९२८ साली पुरा झाला. आणि पाठांतराचं म्हणाल, तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरं घोकून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली छापून टाकलं, की तासाभरात निम्म्याहून जास्त पुसलं जातं. त्याला घोकताना शेजारी अळूवाले काका नव्हते, हे त्याचं नशीब. हे सगळं मी काकांना ऐकवणार होतो. पण त्यांच्यापुढे मला ताशी तीनचासुद्धा कोटा पुरा करता येईना.

घणसोली गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. डॉक्टर ‘घरात कुणाला साखर आहे का’ विचारतात, तसा.

“शिक्षण कुठल्या मीडियमचं?”

“मराठी.”

“तरीच.”

आणि कोपरखैरणेला उतरून गेले! जाता जाता प्लॅटफॉर्मवरून खिडकीत तोंड घालून, “ताशी तीन! विसरू नका!” एका भल्या माणसाने ‘अभ्यासाला बरं पडेल’ म्हणून मला विंडो सीट दिली. ती मी घेतली. वाशीपर्यंत मिळणारी विंडो सोडण्याइतका मी मानी नाही.

पण तरीच काय? आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. पहिलीपासून ते आलं २००० साली. त्या पाचवीपासूनच्या इंग्रजीवर मी टेंडरं वाचली आहेत. उशिराच्या दंडाचं कलम कुठे बारीक अक्षरात दडवलंय ते शोधून कंपनीचे पैसे वाचवले आहेत. तेव्हा नाही कुणी मीडियम विचारलं. रात्री नऊला क्लायंट खवळतो तेव्हा मराठी मीडियम चालतं, पळतं, दौडतं. रिचनेस निघाला की त्याची जात काढायची. आणि हे फर्मान काढणाऱ्यांची स्वतःची मेल आजही ‘काइंडली डू द नीडफुल’वरच संपते. आमचा नाशिकचा परचेसवाला फोन उचलला की विचारतो, “भाऊ, माल कधी?” त्याला मी काय ॲडव्हान्स्ड सांगू? सांगितलं तर तो दुसरीकडून घेईल.

सोमवारी टेस्ट झाली. टॅसिटर्न आला. पर्निशस आला. कॅन्टँकरससुद्धा आला. कॉन्व्हेंटवाली निम्मी मंडळी त्यात गारद झाली आणि मी, सांगायला लाज वाटते, पहिला आलो. एचआरच्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “सर, व्हॉट इज युअर टेक्निक?” खोटं सुचेना. सांगितलं.

आता आमच्या कॉन्फरन्स रूमच्या पडद्यावर ‘बेस्ट प्रॅक्टिस’ या मथळ्याखाली, एका पाय चार्टच्या शेजारी, कांतावहिनी आहेत. स्लाइडखाली नाव मॅडमचं.