तूप राहिलं नौपाड्यातच

आमची कन्या ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीला चाललीये, मास्टर्सला, आणि गेले दोन महिने ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेचं लग्नघर झालंय. भेटेल तो विचारतो, कन्सल्टंट कोण? कोणी नाही. म्हणजे गेलो होतो एकाकडे, भिंतीवर झेंडेच झेंडे, पॅकेजचा आकडा ऐकून मी आधी पाणी मागितलं. येताना रिक्षात पोरगी म्हणाली, बाबा, मीच करते. मी हो म्हटलं, मनात मात्र म्हटलं आता वर्ष गेलं.

केलं की तिने. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला (18 हजार रुपये, 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्या मुलांना लागतंच), युनि-असिस्टवर, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणाऱ्या साइटवर, पहिल्या अर्जाचे 75 युरो नि पुढच्या प्रत्येकाचे 30, मग ब्लॉक्ड अकाउंट, जे माझ्या टाळक्यात शिरायला तीन संध्याकाळी लागल्या. 11,904 युरो आधी आपणच भरायचे आणि तिथे गेल्यावर ते आपल्यालाच महिन्याला 992 असे मिळणार, म्हणजे आपल्याच पैशाचा आपल्यालाच पगार! हे सगळं मला तिने शिकवलं, मी तिला नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. बावीस वर्षांच्या पोरांचे फॉर्म आईबाप नाहीतर एजंट भरतात, पोरगं नुसतं सही करतं. अरे, तिथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, तेव्हा कोण जाणार, ठाण्याचा कन्सल्टंट?

खरी गंमत तुपाची. आईने घरच्या सायीचं तूप कढवून स्टीलच्या डब्यात भरलं, झाकणाला सेलोटेप पण मारली. कन्या म्हणाली, आजी, नाही नेता येणार, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचं नि मटणाचं काही न्यायला बंदी आहे, पेढेसुद्धा नाही. आई भडकली, "तूप म्हणजे काय गांजा आहे का गं?" मी आपला 'नियम आहे, नियम आहे' करत बसलो, त्याने ती जास्तच तापली. कन्येने शांतपणे कारण सांगितलं, जनावरांचे रोग तिकडे जाऊ नयेत म्हणून, लाळ्या-खुरकत वगैरे. आई गप्पच झाली. जुन्नरकडे तिच्या माहेरी गोठा होता, लाळ्याची साथ आली की दुसऱ्याच्या गोठ्यातली बादलीपण आत येऊ द्यायचे नाहीत म्हणे. "मग बरोबर आहे त्यांचं," म्हणाली आणि डबा उचलून फळीवर.

काल बॅगा घेऊन खालच्या रद्दीवाल्याकडे गेलो, त्याचा काटा मोठा आहे. तिकिटावर 23 किलो, काटा म्हणतो 24 किलो 300. गाळ्यातच बॅग उघडली. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, सगळं यादीप्रमाणे, आणि पार तळाला, स्वेटरमध्ये गुंडाळलेला आईचा छोटा लोखंडी खलबत्ता. कोणी ठेवला हे विचारायचं कारणच नव्हतं. मी तो बाहेर काढायला हात घातला, तर कन्येने दोन जीन्स काढून माझ्या हातात दिल्या आणि चेन लावून टाकली.